चित्र कां दिसत नाहीं ?

पुण्याहून एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. पत्र लांब आहे. त्यांतील घरगुती भाग गाळून मुद्द्याचा तेवढा येथें देतों. त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तान्त तीन वर्षांपूर्वीं छापून झाला, आणि त्याच्या जोडीला कुलाचें एक संकेतस्थळ असावें असें वडील मंडळींच्या मनांत आलें. तें काम या बाईंकडे आलें. जुन्या अल्बमांतील बारा छायाचित्रें त्यांनीं एका पानावर घातलीं. माडीवरच्या संगणकावर तीं बाराहि दिसतात. परंतु खालीं मोठ्या दिरांच्या फोनवर व अमेरिकेंत नणंदेकडे त्यांपैकीं चारच दिसतात. बाकी आठांच्या जागीं रिकामी चौकट, तींत फाटक्या कागदासारखें एक चिन्ह, आणि शेजारीं 'फोटो ७' अशासारखीं अक्षरें. सासूबाईंच्या लग्नांतील वऱ्हाडाचें चित्र या आठांत आहे. मूळ अल्बम मागें एका पावसाळ्यांत भिजून वांया गेला. 'हिच्या हातून चित्रें पुसलीं गेलीं' असें घरांत बोललें जातें, आणि बाई विचारतात कीं, तें खरें आहे काय ?

खरें नाहीं. पण पत्राच्या अखेरीस त्यांनीं जें एक वाक्य सहज म्हणून लिहिलें आहे, त्याचें उत्तर आधीं दिलें पाहिजे. माडीवरचा संगणक जुना झाला, तो मोडींत घालून दसऱ्याला नवा आणावयाचा असा बेत आहे. हा बेत तूर्त थांबवावा. बाराहि चित्रांच्या प्रती निदान दोन निराळ्या जागीं उतरून घेईपर्यंत तें यंत्र घराबाहेर जाऊं देऊं नये. याचें कारण पुढें येईल.

छापील मासिकांत चित्र आणि मजकूर एकाच कागदावर असतात. संकेतस्थळाच्या पानाची रचना याहून अगदीं निराळी आहे. त्या पानांत सहसा चित्र नसतेंच. असतो तो चित्राचा पत्ता. ब्राउझर मजकूर वाचीत जातो, पत्ता आढळला कीं त्या पत्त्यावर चित्र मागतो, आणि मिळालेलें चित्र आणून मोकळ्या जागीं बसवितो. लग्नघरांत आचारी कोठीवाल्याकडे चिठ्ठी पाठवून जिन्नस मागवितो, तसाच हा प्रकार. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत हें जाळें उभें केलें, तेव्हां मजकुराच्या मधोमध चित्र बसविण्याची सर्वमान्य सोय त्यांत नव्हती. सन १९९३ च्या फेब्रुवारींत इलिनॉय विद्यापीठांतील मार्क अँड्रीसन या तरुणानें, चित्राचा नुसता पत्ता सांगणारी एक खूण पानांत असावी, अशी सूचना मांडली. तीवर बरीच चर्चा झाली, अधिक व्यापक योजनाहि पुढें आल्या. परंतु त्याच वर्षीं निघालेल्या मोझेक या ब्राउझरांत ही खूण होती, आणि मोझेकचा प्रसार एवढ्या झपाट्यानें झाला कीं वाद तेथेंच मिटला. आज तीच खूण चालते. चित्र आणि पान यांची ताटातूट होण्याची शक्यता तिच्या जन्मापासूनच तिच्या पोटांत आहे.

तेव्हां चौकट रिकामी दिसली म्हणजे चित्र नष्ट झालें, असें मुळींच नव्हे. चिठ्ठी घेऊन गेलेला गडी रिकाम्या हातानें परत आला, एवढाच तिचा अर्थ. एक तर पत्ता चुकला असेल, नाहीं तर कोठीवाल्यानें जिन्नस देण्यास नकार दिला असेल, किंवा जिन्नस आला पण ब्राउझरला तो ओळखतां आला नसेल. यांपैकीं काय झालें हें पाहण्याची युक्ति सोपी आहे. संगणकावर त्या रिकाम्या चौकटीवर माउसची उजवी कळ दाबली असतां, चित्र नव्या टॅबमध्यें उघडण्याचा पर्याय येतो. तो घेतला कीं पान बाजूस राहतें व पत्ता एकटा समोर उभा राहतो. तेथें ४०४ हा आंकडा दिसला तर त्या पत्त्यावर तशी वस्तु नाहीं. ४०३ दिसला तर मनाई आहे. चित्र नीट उघडलें तर दोष पानांतच कोठें तरी शोधावा. कांहींहि दिसलें तरी वरच्या पट्टींतील पत्ता एकवार अक्षरशः वाचून काढावा. पुष्कळ दोष नुसत्या वाचनानेंच सांपडतात, आणि तेवढें वाचन कोणी करीत नाहीं असा आमचा अनुभव आहे.

बाईंनीं पानाचा पत्ता कळविला होता, त्यामुळें आम्हांला त्या आठहि चिठ्ठ्या वाचतां आल्या. त्यांतील पांच पत्ते इंग्रजी 'सी' या अक्षरानें आणि त्यापुढील विसर्गासारख्या दोन टिंबांनीं सुरू होतात. हा पत्ता जगांतील कोणत्याहि सर्व्हरचा नव्हे. तो संगणकाच्या स्वतःच्या पोटांतील तबकडीचा आहे. 'आमच्या माजघरांतलें फडताळ' हा पत्ता घरच्या माणसाला पुरतो, पण टपालवाल्याला पुरत नाहीं. शिवाय पाहणाराच्या ब्राउझरला या पत्त्याचा अर्थ 'पाहणाराच्याच माजघरांतलें फडताळ' असा लागतो. तेथें हें चित्र नसतें, आणि परक्या पानाच्या सांगण्यावरून घरचें फडताळ उघडावयाचें नाहीं असा ब्राउझरचा सुरक्षिततेचा नियमहि आहे. मग माडीवर तीं कशीं दिसतात ? बाई माडीवर जें पान उघडतात तें संकेतस्थळावरचें नाहींच; तें त्याच संगणकांत ठेवलेली मूळ प्रत आहे. फोनवरून पाहिलें तेव्हांच काय तें खरें पान पाहिलें गेलें.

बाईंनीं सर्व्हरवरील चित्रांच्या फोल्डराची यादीहि सोबत पाठविली आहे. तींत सातच फाईली आहेत. म्हणजे हीं पांच चित्रें सर्व्हरवर कधीं चढलींच नाहींत. अल्बम गेल्यावर तीं माडीवरच्या त्या तबकडीवर तेवढीं उरलीं आहेत; मोडवाल्याची हातगाडी दारांत येऊं देऊं नये असें वर लिहिलें तें यासाठीं. आतां करावयाचें एवढेंच कीं, तीं पांच चित्रें सर्व्हरवरील त्याच फोल्डरांत चढवावीं, आणि पानांतील पत्ता 'सी' पासून न लिहितां केवळ फोल्डराचें व फाईलीचें नांव देऊन लिहावा. म्हणजे तो पानाच्या जागेपासून मोजला जातो व पान त्या फोल्डरासह कोठेंहि नेलें तरी लागू पडतो.

उरलेल्या तिहींपैकीं दोन चित्रें सर्व्हरवर आहेत. कॅमेऱ्यानें फाईलीच्या नांवाचें शेवटलें 'जेपीजी' इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलें, आणि बाईंनीं पानांत तें लहान अक्षरांत लिहिलें, एवढाच घोटाळा. विंडोज असलेला संगणक या दोहोंत भेद मानीत नाहीं. सर्व्हर बहुधा लिनक्सवर चालतात, आणि लिनक्स कर्मठ आहे. त्याला मोठें अक्षर निराळें व लहान निराळें. घरीं चाललेलें पान सर्व्हरवर अडावें याचें हें कारण इतकें क्षुल्लक आहे कीं तें शेवटपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

आठवें चित्र वऱ्हाडाचें. फाईलीचें नांव देवनागरींत 'वऱ्हाड', आणि पानांतील पत्त्यांतहि 'वऱ्हाड'च. डोळ्यांना दोन्ही अगदीं एक. सर्व्हर म्हणतो, या नांवाची फाईल मजजवळ नाहीं. आपल्या लिपीची येथें एक मौज आहे, ती सांगितली पाहिजे. युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंचांत प्रत्येक चिन्हास क्रमांक दिलेला असतो. 'ऱ' या अक्षरास स्वतःचा एक क्रमांक आहे. परंतु साधा 'र' आणि त्याखालील नुक्ता असे दोन क्रमांक लागोपाठ लिहिले तरी तेंच अक्षर उमटतें. शिवाय 'र' चा पाय मोडून त्यापुढें डोळ्यांना न दिसणारें एक जोडचिन्ह घातलें, तरी हा अर्धा र तसाच निघतो, अशी तिसरी रीतहि आहे. बाईंच्या कळफलकानें 'वऱ्हाड' पहिल्या रीतीनें लिहिलें. सर्व्हरवर चित्रें चढविलीं तीं मात्र भाच्यानें, त्याच्या जुन्या मॅक संगणकावरून. सन २०१७ पर्यंत मॅक संगणक फाईलींचीं नांवें ज्या पद्धतीनें नोंदवीत, तींत असलीं अक्षरें फोडून, म्हणजे दुसऱ्या रीतीनें, ठेवलीं जात. नांव एक, उच्चार एक, रूप एक. पण क्रमांकांची ओळ निराळी, आणि सर्व्हर जुळवून पाहतो ती क्रमांकांची ओळ. 'कऱ्हाड', 'कुऱ्हाड', 'दऱ्या' अशा कोणत्याहि शब्दाला ही बाधा होऊं शकते. ताडून पाहावयाचें असल्यास दोन्ही पत्त्यांची नक्कल करून एकाखालीं एक ठेवावी. नक्कल करतांना ब्राउझर प्रायः देवनागरीच्या जागीं शेंकड्याचीं चिन्हें व इंग्रजी अक्षरें लिहितो, एकेका क्रमांकास नऊ चिन्हें. मग एक ओळ दुसरीहून लांब आहे हें कोणालाहि दिसतें. उपाय साधा आहे. फाईलींचीं नांवें लहान इंग्रजी अक्षरांत व आंकड्यांत, मध्यें जागा न सोडतां ठेवावीं. लिपीचा अभिमान चित्राखालच्या मजकुरांत दाखवावा, फाईलीच्या नांवांत नको.

बाईंच्या पानावर नसलेला, पण अशा घरगुती संकेतस्थळांवर वारंवार आढळणारा दोष म्हणजे दुसऱ्याच्या कोठीवर विसंबणें. चित्र एखाद्या कंपनीच्या संग्रहांत ठेवावयाचें व पानांत तेथला पत्ता द्यावयाचा, ही रीत सोयीची खरी. फोटोबकेट या संग्रहावर असंख्य लोकांनीं चित्रें ठेवून तीं अन्यत्र दाखविलीं होतीं. सन २०१७ मध्यें त्या कंपनीनें अशा वापरासाठीं वर्षाला सुमारें ४०० डॉलर मागितले, आणि ज्यांनीं ते भरले नाहींत त्यांच्या चित्रांच्या जागीं जगभर कंपनीची सूचना झळकूं लागली. जिओसिटीज या नांवानें लोकांचीं घरगुती पानें ठेवणारी याहूची व्यवस्था सन २००९ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत बंद झाली, तेव्हां पानें आणि चित्रें दोन्ही गेलीं. इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्थांनीं आधीं प्रती काढल्या तेवढीं वांचलीं. याच प्रकारांतली एक लहान गोष्ट : फोनवरील संग्रहांतून 'शेअर' म्हणून जो दुवा मिळतो, तो बहुधा चित्राचा नसून चित्र दाखविणाऱ्या एका पानाचा असतो. तो चित्राच्या खुणेंत घातल्यास कांहींच दिसत नाहीं.

जिन्नस येतो पण ओळखतां येत नाहीं, हा प्रकार आयफोनमुळें वाढला. सन २०१७ पासून हा फोन छायाचित्रें 'हेईक' नांवाच्या रूपांत ठेवूं लागला. त्यामुळें जागा वांचते. परंतु सफारी सोडल्यास बहुतेक ब्राउझरांना तें रूप वाचतां येत नाहीं. अशा वेळीं कित्येक जण फाईलीचें शेवटलें नांव खोडून 'जेपीजी' असें लिहितात. नांव बदलल्यानें गोत्र बदलत नाहीं. चित्र एखाद्या चित्रसंस्कार करणाऱ्या साधनांत उघडून जेपीजी रूपांत नव्यानें साठविलें पाहिजे.

बाकीचीं कारणें किरकोळ आहेत. कडी-कुलपाच्या 'एचटीटीपीएस' पानांत साध्या 'एचटीटीपी' चा पत्ता असला तर ब्राउझर तो पक्क्या मार्गानें मागून पाहतो, आणि तसें न मिळाल्यास अडवितो. 'ॲड' अशा नांवाच्या फोल्डरांतील चित्र जाहिरात समजून गाळलें जातें. आणि दुरुस्ती केल्यावर ती आपल्याच संगणकावर पाहूं नये. ब्राउझर पूर्वीं आणलेली प्रत जपून ठेवतो व तीच पुन्हां दाखवितो. शेजारच्या घरांतील फोनवर पाहावें, तें जास्त विश्वसनीय.

राहतां राहिलें तें 'फोटो ७'. चित्राच्या खुणेंत पत्त्याच्या शेजारीं पर्यायी मजकुराची एक जागा असते, तिला 'ऑल्ट' म्हणतात. सन १९९७ मधील एचटीएमएल ४ च्या नियमांनीं ती भरणें आवश्यक ठरविलें. तरी पुष्कळ लोक ती रिकामी सोडतात किंवा तींत असें कांहीं तरी टाकतात. चित्र आलें नाहीं तर वाचणाराला हाच मजकूर दिसतो, आणि ज्यांना दिसत नाहीं त्यांच्या संगणकांतील वाचक हाच मोठ्यानें वाचून दाखवितो. सासूबाईंना जवळ बसवून, चित्रांत कोण कोण आहेत, गांव कोणतें, साल कोणतें, हें एकेक विचारून घ्यावें, आणि 'फोटो ७' च्या जागीं दोन वाक्यें लिहावीं : वऱ्हाड कोठें उतरलें आहे, पुढें बसलेले गृहस्थ कोण, डावीकडून उभ्या असलेल्या बायका क्रमानें कोण. अल्बमाच्या पाठीवर नांवें लिहिलेलीं असतील तर तीं पाण्यांत गेलीं. सांगणारें माणूस घरांत अजून आहे. चित्र चढावयाला चार दिवस लागले तरी हीं दोन वाक्यें आजच चढवितां येतील.