तुरुंगाबाहेरची भिंत

शिक्षा भोगून झालेला माणूस अकोल्याच्या जिल्हा कारागृहातून बाहेर पाऊल टाकतो, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने त्याचे ऋण फिटलेले असते. समाजाची वसुली मात्र त्याच दिवशी सुरू होते. जठारपेठेत त्याने भाड्याची खोली मागितली, तर आपल्यापैकी किती जण त्याला दार उघडतील? छापखान्यात वा दुकानात काम मागितले, तर किती मालक त्याला दुसऱ्या दिवशी यावयास सांगतील? हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःलाच विचारला आणि उत्तर देताना अडखळलो, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

२०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांत तीन, खटल्याच्या निकालाची वाट पाहत होते. ज्यांचा दोष शाबीत झालेला नाही, त्यांच्याही कपाळी आपण तोच शिक्का मारतो! १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने, मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे वगळता, प्रथमच आरोपात सापडलेल्यास कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश मुदतीनंतर जामिनावर मुक्त करण्याची सामान्यतः तरतूद केली आहे. कायद्याने दार किलकिले केले. पण बाहेर पडणाऱ्याने जावे कोठे?

‘गुन्हेगारावर विश्वास कसा टाकावा?’ असे सुज्ञ नागरिक विचारतील. त्याचे उत्तर याच महाराष्ट्रात मिळालेले आहे. १९३९ साली औंध संस्थानाने आटपाडीनजीक स्वतंत्रपूर ही बंद्यांची खुली वसाहत स्थापिली. भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या प्रयोगात तट नव्हता, बेड्या नव्हत्या. बंदी कुटुंबासह राहून शेती करीत. १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने ती कथा देशभर पोचविली. आज आपल्या वऱ्हाडातही मोर्शी येथे खुले कारागृह आहे.

पडद्यावरील त्या सहा बंद्यांसाठी आपण डोळे पुसले. परंतु तसाच एखादा दारी आला, तर कडी लावून घेतो. ही विसंगती दूर करण्यास ना सरकारी अध्यादेश लागतो, ना अनुदान. एका व्यापाऱ्याने एक काम द्यावे, एका घरमालकाने एक खोली द्यावी, एका शिक्षकाने बंद्याच्या मुलाला वर्गात टोमण्यांपासून वाचवावे. तुरुंगाची भिंत सरकारने बांधली. तिच्याबाहेरची भिंत आपण बांधली आहे, आणि ती आपणच पाडली पाहिजे.