एक मोबाईल, अनेक खातेदार: पीक नोंद करताना काय तपासाल?

खरिपाची पीक नोंदणी सुरू झाली की जालना जिल्ह्यातील गावोगावी एक गोष्ट दिसते. ई-पीक पाहणीचे अ‍ॅप शेतकऱ्यासाठी आहे, पण ते चालवतो गावातला एखादा कॉलेजात जाणारा मुलगा. भावकीतल्या आणि शेजाऱ्यांच्या दहा-पंधरा सातबाऱ्यांची नोंद तो एकाच मोबाईलवरून करतो.

ही पद्धत राज्यात 15 ऑगस्ट 2021 पासून लागू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून फोटो काढावा आणि पीक नोंदवावे, अशी त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात सातबारा आईच्या नावावर असतो, घरात साधा फोन असतो आणि आधारला जोडलेला नंबर वाळूज किंवा चाकणला कामाला असलेल्या मुलाकडे असतो. शेतकरी ओळख क्रमांक काढतानाही ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो आकडा फोन करून घरी सांगतो. गावाने आपल्या परिस्थितीप्रमाणे काढलेली ही वाट आहे. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय अ‍ॅपमध्येही आहे. त्यामुळे दुसऱ्याकडून मदत घेण्यात गैर काही नाही. अडचण येते ती झालेली नोंद कोणी पाहत नाही म्हणून.

नोंदीवर काय अवलंबून आहे?

पूर्वी सातबाऱ्यावरील पीक पेरा मुख्यतः कर्ज आणि अनुदानापुरता लागायचा. आता हमीभावाच्या विक्रीचा रस्ताही तिथूनच जातो. 2025-26 हंगामासाठी हमीभाव क्विंटलला असे होते: लांब धाग्याचा कापूस 8,110 रुपये, मध्यम धाग्याचा 7,710, सोयाबीन 5,328 आणि तूर 8,000 रुपये. सोयाबीन व तुरीच्या खरेदी केंद्रावर ऑनलाइन पीक पेरा मागतात. भारतीय कापूस महामंडळाने 2025 मध्ये 'कपास किसान' अ‍ॅप आणले. त्यातही नोंदणीसाठी जमिनीचा आणि कापसाच्या क्षेत्राचा पुरावा द्यावा लागतो. तिथेही तोच मुलगा आणि तोच मोबाईल. पीक पाहणीत झालेली चूक मग पुढच्या प्रत्येक टप्प्यावर आडवी येते. 15 एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही बंधनकारक आहे.

चूक नेमकी कुठे होते?

सर्वांत जास्त गोंधळ मिश्र पिकात होतो. आपल्याकडे सोयाबीन किंवा कापसात तूर असतेच. घाईत नोंद करणारा 'निर्भेळ पीक' निवडतो आणि सगळे क्षेत्र सोयाबीनला लावतो. तूर कागदावर येतच नाही. तूर विकायला निघते पुढच्या वर्षी, तेव्हा ही चूक कळते आणि तोवर मुदत गेलेली असते.

क्षेत्र काढणे सोपे आहे. 4 ओळी सोयाबीन आणि 2 ओळी तूर असेल व ओळींतील अंतर सारखे असेल, तर एक तृतीयांश क्षेत्र तुरीचे. म्हणजे 1 हेक्टरमध्ये साधारण 67 आर सोयाबीन आणि 33 आर तूर. खरेदीची मर्यादा नोंदलेले क्षेत्र आणि हेक्टरी उत्पादकता यांवरून ठरते, म्हणून हा आकडा अंदाजाने टाकू नका. कापसातील तुरीचे क्षेत्रही असेच ओळी मोजून काढा.

दुसरी चूक गटाची. वाटणीनंतर एकाच गटात तीन-चार भावांची नावे असतात. नोंद एकाच्या खात्यावर जाते आणि बाकीच्यांचे क्षेत्र कोरे राहते. तिसरी चूक मोसंबीच्या बागेत होते. बागेतील आंतरपीक नोंदले जाते आणि मोसंबी, तिच्या झाडांची संख्या राहून जाते.

आपण काय करावे?

- मदत घ्या, पण नोंद होताना स्वतः शेतात हजर राहा. फोटो आपल्याच गटातून काढला आहे का, ते पाहा.
- जाण्यापूर्वी कागदावर गट क्रमांक, पीक, क्षेत्र, पेरणीची तारीख आणि सिंचनाचे साधन लिहून द्या.
- नोंद झाल्यावर त्या पानाचा स्क्रीनशॉट मागून घ्या आणि त्याच संध्याकाळी घरात वाचून घ्या. चूक असेल तर 48 तासांच्या आत अ‍ॅपमध्येच दुरुस्ती करता येते.
- काही दिवसांनी सातबाऱ्यावरील गाव नमुना 12 तपासा. पीक दिसत नसेल तर मुदत संपण्याआधी तलाठ्यांना भेटा.
- ओटीपी सांगण्यापूर्वी तो कशासाठी आला आहे, हे विचारा. संदेशात ते लिहिलेले असते.

कृषी सहायकांना आणि विस्तार कार्यकर्त्यांना एक सूचना. गावात किती नोंदी झाल्या, एवढ्यावर समाधान मानू नका. गावातील खातेदारांच्या नोंदी अ‍ॅपमध्ये पाहता येतात. त्या ग्रामपंचायतीसमोर किंवा पारावर एकदा मोठ्याने वाचून दाखवा. कोणाच्या शेतात काय उभे आहे, हे गावाला तोंडपाठ असते. चुकीची नोंद तिथल्या तिथे लक्षात येईल. आणि अ‍ॅप चालवणाऱ्या मुला-मुलींना हाताशी धरा. निर्भेळ आणि मिश्र पिकातला फरक त्यांना एका तासात समजावून दिला, तर दहा-पंधरा घरांची तूर कागदावर येईल.