नजर चालकावर, जबाबदारी कोणावर?

१८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील टेम्पी शहरात सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडणारी एक स्त्री उबर कंपनीच्या स्वयंचलित मोटारीच्या धडकेने मरण पावली. मोटार चाचणीसाठी सार्वजनिक रस्त्यावर आणलेली होती. आत बसलेल्या चालक महिलेचे काम एवढेच, की यंत्र चुकले तर सावरावयाचे. तिचे लक्ष मोबाइलकडे होते. २०२० साली तिच्यावर खटला भरण्यात आला आणि २०२३ मध्ये गुन्ह्याच्या कबुलीनंतर तिला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. कंपनीवर मात्र फौजदारी जबाबदारी येत नाही, असे सरकारी वकिलाने २०१९ मध्येच जाहीर केले होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अपघाताचे मुख्य कारण म्हणून चालकाच्या दुर्लक्षाकडेच बोट दाखविले. परंतु ते तेथे थांबले नाही. यंत्राला ती स्त्री साडेपाच सेकंद आधी दिसली होती. तरीही ती पादचारी आहे हे त्याने अखेरपर्यंत ओळखले नाही. मोटारीचा मूळचा आपत्कालीन ब्रेक स्वयंचलित प्रवासात बंद ठेवलेला होता. पूर्वी दोन माणसे बसत, तेथे कंपनीने एकच ठेवले होते. मोटारीत चालकावर रोखलेला कॅमेराही होता; पण त्यातील चित्रण वेळेवर पाहण्याची तसदी सहसा घेतली जात नव्हती.

काही न करता सतत सावध राहणे माणसाला जमत नाही, हे शास्त्राला नवे नाही. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्येच दाखवून दिले, की एकसुरी पहाऱ्यावरील माणसाची दक्षता पहिल्या अर्ध्या तासातच ढळू लागते. यंत्र जितके भरवशाचे, तितका माणूस गाफील, आणि संकटाच्या क्षणी मात्र सारा भार त्याच्याच शिरावर, हा स्वयंचलनातील विरोधाभास लिझन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये मांडला. हे ठाऊक असूनही असे यंत्र विकणे म्हणजे नफा कंपनीच्या खाती आणि जोखीम चालकाच्या व पादचाऱ्याच्या खाती टाकणे होय. अर्थशास्त्र याला खर्चाचे समाजावर स्थलांतर म्हणते. साध्या भाषेत हा अन्याय आहे.

मग चालकाच्या डोळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेला विरोध करावयाचा काय? मुळीच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाला अमेरिकेत वीस लाखांहून अधिक मोटारींतील प्रणाली दुरुस्त करावी लागली, ती चालकाचे लक्ष टिकविण्याची व्यवस्था अपुरी ठरली म्हणूनच. डुलकी लागणाऱ्या चालकाला जागे करणारे यंत्र प्राण वाचवू शकते. प्रश्न आहे तो या यंत्राचा मालक कोण आणि त्याने टिपलेली माहिती कोणाच्या हाती जाते, हा.

युरोपीय संघाने २०१९ च्या नियमात याचे उत्तर दिले आहे. अशा यंत्रणेतील माहिती वाहनाबाहेर तिसऱ्या पक्षास मिळता कामा नये आणि काम होताच ती पुसली गेली पाहिजे, असे तेथे स्पष्ट बंधन आहे. याउलट अमेरिकेत ॲमेझॉनच्या मालवाहू गाड्यांत २०२१ पासून कॅमेरे आले, तेव्हा ते स्वीकारण्याची संमती ही चालकांच्या नोकरीचीच अट बनली. पोट हातावर असलेल्याची अशी संमती स्वेच्छेची कशी मानावी? एकच भिंग एका ठिकाणी रक्षक होते आणि दुसऱ्या ठिकाणी मुकादम.

भारतातील कामगार चळवळीने हा भेद आजच ओळखला पाहिजे. येथील ट्रकचालकाची झोप कॅमेऱ्याने पुरी होणार नाही. मोटार परिवहन कामगारांसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा १९६१ च्या कायद्यानेच घातली होती. ती रस्त्यावर किती पाळली गेली, हे प्रत्येक ढाब्याला ठाऊक आहे. म्हणून मागणी स्पष्ट हवी : इशारा चालकाला मिळावा, माहिती मालकाला नव्हे, कामाचे तास आधी मर्यादित व्हावेत, आणि यंत्राच्या दोषाची जबाबदारी ते बनविणाऱ्यावर कायद्याने निश्चित व्हावी. चालकाचे डोळे मोजणाऱ्यांनी आपला हिशेबही समाजापुढे उघडा ठेवला पाहिजे.