वाटेतल्या पैशाचा हिशेब

बँकेतल्या माझ्या नोकरीत 31 मार्चची रात्र म्हणजे ठरलेले जागरण. प्रत्येक शाखेची वही आपापल्या जागी बरोबर असे. सगळ्या शाखांची बेरीज मांडली की आकडे फिसकटत. पुण्याने रक्कम नावे टाकलेली, नागपूरला ती जमा नाही. चोरी कोणीच केलेली नसे. सूचनापत्र टपालात असे. पैसा वाटेत असे.

हाच पेच संगणकांपुढेही आहे. आज एकेका संस्थेचे काम शेकडो यंत्रे मिळून करतात. प्रत्येकाचे घड्याळ थोडे मागेपुढे, निरोप पोचायला लागणारा वेळ कमीजास्त. मग सगळ्यांची मिळून स्थिती काय, हे सांगायचे कोणी? काम थांबवून मोजदाद करावी, तर गिऱ्हाईक दारात उभे!

के. मणी चंडी आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1985 साली याला एक साधे उत्तर दिले. एक यंत्र आपली स्थिती टिपते आणि दुसरे काही पाठवण्याआधी प्रत्येक वाटेवर खुणेचा निरोप धाडते. ज्याला खूण प्रथम मिळते, तेही तसेच करते. स्वतःची नोंद झाल्यावर, पण एखाद्या वाटेने खूण येण्यापूर्वी, त्या वाटेने आलेले निरोप ‘वाटेतले’ म्हणून लिहायचे. निरोप गहाळ होऊ नयेत आणि त्यांचा क्रम मोडू नये, ही मुख्य अट. मग एक रुपयाही सुटत नाही की दोनदा मोजला जात नाही.

हे चित्र कोणत्याही एका क्षणी तसेच्या तसे नसेलही, पण ते विसंगत नसते. म्हणून एकदा घडले की न बदलणारी गोष्ट, उदाहरणार्थ यंत्रे एकमेकांची वाट बघत कायमची अडकणे, त्यात दिसली तर ती खरीच. क्षणभर घडून गेलेले मात्र निसटू शकते.

मोबाइलवरून पाठवलेले पैसे खात्यातून जातात, दुकानदाराला पोचत नाहीत, आणि दोन्हीकडून ऐकू येते, ‘आमच्याकडे सगळे बरोबर आहे.’ काउंटरमागून मीही हेच सांगत असे. मुलाने पाठवलेल्या पैशांसाठी तीन हेलपाटे घालणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना मी आमची वही उघडून दाखवली होती. वही बरोबर होती. ते रिकाम्या हाताने परतले.

त्यांना वही बघायची नव्हती. पैसे कुठे आहेत, एवढेच त्यांना हवे होते. आज ते शोधण्याची रीत हाताशी आहे. मग गिऱ्हाइकाला ते सांगण्याची जबाबदारीही कोणीतरी घ्यायला हवी.