अंगठा द्या, पण पावती घ्या



पूर्वी ज्याला सही करता येत नसे त्याला लोक 'अंगठाबहाद्दर' म्हणून चिडवत. आता शिकलेल्यांनाही अंगठा द्यावा लागतो. रेशनला अंगठा, बँकेच्या पैशाला अंगठा. देशातले पहिले आधार कार्ड आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. आज आधारचे १२ अंक आणि अंगठा मिळून जणू आपली सहीच झाली आहे. म्हणून सहीइतकाच अंगठाही जपून द्यावा, असे माझे मत आहे.

गावात पैसे देणारा माणूस छोटे यंत्र घेऊन बसतो. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा, एवढ्यावर पैसे निघतात. ओटीपी लागत नाही. म्हाताऱ्या माणसांची यामुळे मोठी सोय झाली. पण एखादा लबाड काय करतो? "आजी, अंगठा उमटला नाही, परत ठेवा," म्हणतो. खरे तर पहिल्याच वेळी पैसे निघालेले असतात. आजीच्या हातात एकदाचेच पडतात, खात्यातून मात्र दोनदा जातात. कोणी तर "सर्व्हर बंद आहे" असे सांगून रिकाम्या हाताने घरी पाठवतो.

माझी आजी म्हणते, "अगं, वळखीचा माणूस हाय. पावती मागितली तर त्याला काय वाटंल?" मला हे पटत नाही. बाजारात सोयाबीन मोजताना आपण काट्यावरची नजर हलवत नाही. तिथे ओळख आड येत नाही. मग पैशाच्या यंत्राकडे बघायला लाज कसली? जो सचोटीचा आहे तो आनंदाने पावती देईल.

आपण मुलांनी सुट्टीच्या दिवशी आजी-आजोबांबरोबर जावे. यंत्रावरचा आकडा मोठ्याने वाचून दाखवावा. अंगठा दुसऱ्यांदा मागितला तर आधी पहिल्या वेळेची पावती मागावी. दर महिन्याला पासबुक भरून आणावे. आधारमध्ये बोटांच्या ठशांना कुलूप लावायची सोय फुकट आहे. ते लावून ठेवावे, रेशन घ्यायच्या वेळी उघडता येते. आणि फोनवर "बँकेतून बोलतोय" असे कोणी म्हणाले तरी त्याला ओटीपी सांगू नये.

एवढे करूनही पैसे गेले तर लाजून गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेत लेखी तक्रार द्यावी. उशीर झाला की चोर पैसे पुढच्या पुढे पळवतो.

मित्रांनो, आपण शाळेत वाचायला शिकलो ते फक्त परीक्षेपुरते नाही. आपल्या वाचण्याने घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे कष्टाचे पैसे वाचले, तर शिक्षणाचे चीज झाले असे मी म्हणेन.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी