हवा, लाइट आणि वॉरंटी

वॉरंटी नाकारणाऱ्यांची बाजू आधी त्यांच्याच शब्दांत, काहीही पदरचं न घालता मांडतो. ते म्हणतात: होम थिएटर ही नाजूक वस्तू. वसई-विरारकडे लाइट येते-जाते, दाब वरखाली होतो, पावसाळाभर भिंती ओल धरतात, घरात झुरळं-पाली फिरतात. अशा घरात सबवूफरचा बोर्ड गेला तर कंपनीचा काय गुन्हा? हे अपवाद कागदावर छापलेले असतात. ग्राहक ते वाचत नाही आणि मग भांडत बसतो. शिवाय प्रत्येक तक्रारीला नवा सेट द्यायचा म्हटलं तर किमती चढतील आणि तो भार शेवटी ग्राहकांवरच पडेल.

पंचाईत अशी की यातलं एकही वाक्य साफ खोटं नाही. आमच्या वसईतल्या गोखिवऱ्यात लाइटीचं कौतुक कुणी कुणाला सांगायला नको. इथे इंडस्ट्रियल गाळे आणि राहत्या इमारती शेजारी शेजारी आहेत, तुंगारेश्वराच्या बाजूने पाऊस उतरला की हवा जड होते आणि कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. पण सामान्य परिस्थितीबद्दल खरं असलेलं विधान एका विशिष्ट बिघाडाचं कारण ठरतं का? इथे लाइट वाईट आहे, हे मान्य. तुमच्या सेटचा बोर्ड लाइटीनेच गेला, हे मात्र वेगळं विधान आहे आणि त्याला पुरावा लागतो. सर्व्हिस सेंटर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारतं. मधली पायरी, म्हणजे खोका उघडून मोजमाप करणं, बहुतेक वेळा गाळलेली असते.

व्होल्टेजचंच बघा. आपला घरगुती पुरवठा 230 व्होल्टचा. साउंडबारच्या अ‍ॅडॅप्टरवर बहुधा 100 ते 240 व्होल्ट असं छापलेलं असतं आणि असे पुरवठे आतून साधारण 264 व्होल्टपर्यंत टिकतील अशा बेताने बांधण्याची रीत आहे. म्हणजे दाब वरखाली होतो हे कारखान्याने गृहीत धरलेलंच असतं, आणि तसं डब्यावर छापूनच माल विकलेला असतो. याला अपवाद आहे, तोही सांगतो. थ्री फेजच्या लाइनीत न्यूट्रल तुटला तर घरात चारशे व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. तेव्हा टीव्ही, फ्रिज, पंख्याचा रेग्युलेटर असं बरंच काही एकदम जातं, आणि त्याचा दोष साउंडबार बनवणाऱ्याच्या माथी मारणं अन्याय आहे. पण असा दाब सहसा खूण ठेवून जातो. फ्यूज उडतो, तोंडाशी बसवलेला व्हॅरिस्टर काळा पडतो किंवा फुटतो. फ्यूज शाबूत, व्हॅरिस्टर कोरा, शेजारच्या टीव्हीला काही झालेलं नाही, आणि अ‍ॅम्प्लिफायरची आयसी तेवढी गेली, अशा वेळी 'व्होल्टेज फ्लक्चुएशन' हे निदान नव्हे, नुसता शिक्का आहे.

ओलाव्याची सबब तर त्याहून नामी. समुद्राकाठची दमट हवा हा ग्राहकाचा निष्काळजीपणा मानला, तर डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत एकाही घरात वॉरंटी लागू होणार नाही. मग त्या पट्ट्यात शोरूम तरी कशाला उघडता? दसऱ्या-दिवाळीला हप्त्यांची पाटी लावताना हवा आड येत नाही. सेटवर पाणी सांडलं असेल तर डाग दिसतो, ती गोष्ट निराळी. तिथे ग्राहकाने तोंड मिटावं. बोर्डावर हवेनेच गंज चढला असेल, तर ज्या बाजारात माल विकला त्या बाजाराच्या हवेला तो पुरा पडला नाही, असाच त्याचा अर्थ. बंद लाकडी पेटीतल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचंही तसंच आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. स्वस्तातला कॅपॅसिटर तापणाऱ्या हीटसिंकला चिकटवून बसवला आणि तो फुगला, तर त्याचा आळ महावितरणवर का?

तिसरी सबब मला सर्वांत चीड आणणारी वाटते. सबवूफर गुणगुणतो. टेक्निशियन येतो, दोन मिनिटं ऐकतो आणि 'हे नॉर्मल आहे' म्हणून निघून जातो. माझ्या घरी हेच घडलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हा एकट्या तिचा गुण नाही. वास्तविक ही गुणगुण तपासणं सोपं आहे. सगळ्या इनपुट वायरी काढून फक्त वीज चालू ठेवायची. गुणगुण थांबली, तर दोष बहुधा अर्थिंगचा किंवा केबलवाल्याच्या वायरीतून आलेल्या लूपचा. म्हणजे घरचाच, कंपनीचा नाही. वायरी काढूनही ती तशीच राहिली, तर मूळ आतल्या वीजपुरवठ्यात असण्याचीच शक्यता जास्त. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोषाची व्याख्या आहे. करारानुसार अपेक्षित असलेला किंवा विक्रेत्याने दावा केलेला दर्जा वस्तूत नसला, तर ती सदोष. खोक्यावर 'सिनेमासारखा आवाज' छापायचं आणि शांत दृश्यातली गुणगुण नॉर्मल म्हणायची, हे दोन्ही एका तोंडाने बोलता येत नाही.

'सील तोडलं, वॉरंटी गेली' हा मुद्दा झटपट उरकतो. कारच्या सुट्या भागांच्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कंपन्यांना दोषी धरलं. बाहेरच्या मेकॅनिककडे काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट लादू नका, असंही बजावलं. तो निर्णय कारबद्दल आहे, हे खरं. पण तर्क डब्याचा आकार बघत नाही.

विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम पत्ता म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा 2006 चा मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा हा निकाल. वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचं वचन असेल, तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असा त्याचा आशय. मला तो मान्य आहे. नवा सेट हा ग्राहकाचा जन्मसिद्ध हक्क नाही, आणि किमतीचा युक्तिवादही इथपर्यंत बरोबर आहे. पण भाग बदलायचा तर तो बदलला गेला पाहिजे. महिनोन् महिने 'पार्ट ऑर्डर केलाय' ऐकवणं ही दुरुस्ती नव्हे. दोष दूर करा, वस्तू बदला, पैसे परत करा, हे सगळे आदेश देण्याचा अधिकार ग्राहक संरक्षण कायद्याच्या 39 व्या कलमाने जिल्हा ग्राहक आयोगाला दिलेला आहे.

आपल्या बाजूच्या मंडळींनाही दोन शब्द. 'सगळ्या कंपन्या चोर, गल्लीतल्या मेकॅनिककडे टाका' हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, पण वॉरंटीचे पैसे वस्तूच्या किमतीत आपण आधीच मोजलेले असतात. ते सोडून देऊन वर मेकॅनिकलाही द्यायचे, हा कसला व्यवहार? 'कोर्टात कोण जाणार' हाही तसाच आळस. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. 2019 च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असलं तरी. सुनावणी व्हिडिओवरून मागता येते. तारखा कायद्यातल्या मुदतीपेक्षा लांबतात, हा त्रास खरा आहे; म्हणून आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. मुदत दोन वर्षांची आहे, हे मात्र विसरू नये.

आता माझं म्हणणं. वॉरंटीतला अपवाद जो पुढे करतो, त्यानेच तो सिद्ध करावा. जो एखादी वस्तुस्थिती सांगून हक्क मागतो त्याने ती शाबीत करावी, हे पुराव्याच्या कायद्याचं 1872 पासूनचं जुनं तत्त्व आहे. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मात्र ते उलटं लटकलेलं असतं. दुरुस्तीचा खर्च ज्याच्या खिशातून जायचा तोच आज निदान करतो, तेही तोंडी. तेव्हा नकार द्यायचा तर जॉब कार्डवर लेखी द्या: कोणता भाग गेला, कुठे किती व्होल्ट मोजले, ओलाव्याची खूण कुठे दिसली, फोटो कुठे आहे. वाद उरलाच तर ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, ग्राहक संरक्षण कायद्यात तशी सोय आहे. पण घरच्या साउंडबारसाठी तिथवर जायची पाळी सहसा येऊच नये. सेट सेंटरमध्ये पडून राहिला तेवढे दिवस वॉरंटी पुढे सरकावी, ही अट मात्र सरकारनेच घालायला हवी, कारण कंपन्या ती आपणहून लिहिणार नाहीत.

तोवर ग्राहकाच्या हातात एक छोटी गोष्ट आहे. टेक्निशियन निघताना म्हणतो, 'ओटीपी सांगा, म्हणजे कॉल क्लोज होईल.' तो ओटीपी दिला की कंपनीच्या नोंदीत तक्रार मिटलेली असते, मग सबवूफर कितीही गुणगुणो. त्यात त्या पोराचा दोष नाही. बंद केलेल्या कॉलवर त्याचा हिशेब चालत असेल, तर तो दुसरं काय मागणार? त्याला चहा द्या, पण कारण लिहिलेलं जॉब कार्ड हातात पडेपर्यंत ओटीपी देऊ नका.