मेलेला मासा कोणत्या खात्याचा?

एप्रिल उलटला की किनवट तालुक्यात पैनगंगेची धार बारीक होत जाते आणि मग तुटते. सहस्रकुंडाचा खडक उघडा पडतो, वाळू तापू लागते आणि नदी म्हणून उरतात ते फक्त डोह. पाऊस येईपर्यंत काठावरच्या गावांची गुरे, अभयारण्यातली जनावरे आणि भोयांची जाळी यांचा सगळा भार या डोहांवर असतो. अशा एखाद्या डोहात पहाटे मेलेले मासे तरंगताना दिसले, तर गावापुढे तीन साधे प्रश्न उभे राहतात. मासे कशाने मेले? ते खावेत का? आणि गुरांना हे पाणी पाजावे का? या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचे शास्त्र जुने आणि पक्के आहे. अवघड आहे ते एवढेच ठरवणे, की उत्तर द्यायचे कोणी.

डोह अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वन विभाग, बाहेर असेल तर मत्स्यव्यवसाय विभाग. पाणी बिघडले असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ, शेतातली फवारणी वाहून आली असेल तर कृषी विभाग, आणि कोणाला उलट्या झाल्या तर आरोग्य विभाग. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत मे महिन्याच्या उन्हात मासे कुजून जातात आणि त्यांच्याबरोबर पुरावाही. या सगळ्या खात्यांच्या मधली जागा भरून काढणारा माणूस म्हणजे सरकारी सेवेतला मत्स्य व वन्यजीव जीवशास्त्रज्ञ. ती जागा किनवटसारख्या तालुक्यात का हवी, हे त्याच्या कामावरूनच कळते.

मासे मेल्यावर मुख्यतः दोन शक्यता तपासाव्या लागतात: प्राणवायू संपला की विष आले. पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना साडेसात. साठलेल्या हिरव्या डोहात शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तेच शेवाळ तो वापरते. म्हणून प्राणवायूचा तळ गाठला जातो तो पहाटे, सूर्य उगवण्याच्या आधी. बहुतेक माशांना लिटरमागे ५ मिलिग्रॅम असला तर बरे वाटते. २ च्या खाली तो गेला की ते पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात. अशा वेळी सहसा मोठे मासे आधी मरतात, कारण त्यांची गरज मोठी असते. मरळ आणि देशी मागूर मात्र हवेतून श्वास घेऊ शकतात, त्यामुळे ते तगून राहतात.

विषाची खूण वेगळी असते. त्यात लहान-मोठे सगळेच एकाच वेळी मरतात, आणि त्यांच्याबरोबर झिंगे व पाण्यातले किडेही. वेळ पहाटेचीच असेल असे नाही. हा फरक ओळखायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. पहिल्या काही तासांत जाणता माणूस डोहावर पोहोचावा लागतो. तोच माणूस दुपारी दोनला पोहोचला तर त्याच्या मापकाला पाण्यात भरपूर प्राणवायू दिसू शकतो आणि कागदावर 'पाणी ठीक' अशी नोंद होऊ शकते.

हा प्रश्न केवळ माशांचा असता तरी महत्त्वाचा होता, पण तो माणसांचाही आहे. किनवट-माहूर हा भाग कापसाचा. पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या वेळी चर्चेत आलेल्या प्रोफेनोफॉससारख्या ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांचा मारा मज्जासंस्थेतल्या एका विकरावर होतो. त्याचे नाव ॲसिटिलकोलिनेस्टरेज. हे विकर माणसाच्या शरीरात असते तसे माशाच्या मेंदूतही असते. फवारणी करणाऱ्याच्या रक्ताच्या तपासणीत जे शोधले जाते, तेच नाल्यातल्या माशाच्या मेंदूतही शोधता येते. पायरेथ्रॉइड गटातली औषधे माणसाला तुलनेने कमी बाधतात, पण माशांना आणि झिंग्यांना ती अत्यल्प मात्रेतही मारक ठरतात. पहिल्या मोठ्या पावसात शेतातले पाणी नाल्यात आणि नाल्याचे डोहात उतरते. त्या पाण्यात काय आले, हे माणसाच्या आधी माशाला कळते. नदीतला मासा हा असा फुकटचा आरोग्यसेवक आहे. त्याचा अहवाल वाचणारा कोणी नाही, एवढेच.

पाण्यात विष टाकून किंवा सुरुंग उडवून मासे मारण्याला १८९७च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच बंदी घातली होती. सव्वाशे वर्षांनंतरही अडचण कायद्याची नाही, सिद्ध करण्याची आहे. कारण न समजता मेलेला मासा खाऊ नये, गुरांना ते पाणी देऊ नये, आणि दोन-चार ताजे मासे स्वच्छ पिशवीत बर्फावर ठेवून, काठोकाठ भरलेल्या पाण्याच्या बाटलीसह तपासणीला द्यावेत, एवढे प्रत्येक ग्रामपंचायतीला माहीत हवे. पण ते द्यायचे कोणाकडे, याचे उत्तर तिला शासनाकडून मिळायला हवे.

आज दोन्ही खाती आपापले काम करत नाहीत असे नाही. मत्स्यव्यवसाय विभागाचे माप उत्पादनाचे आहे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात कटक येथे हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली आणि मत्स्यबीजासाठी नद्यांवर अवलंबून राहण्याची गरज संपली. आज तलावांत कटला, रोहू, मृगलाची बोटुकली सोडली जाते ती या शोधामुळे. त्यावर मच्छीमार सहकारी संस्थांचे पोट चालते. पण किती बोटुकली सोडली आणि किती टन मासळी निघाली, या हिशेबात नदीतल्या मूळच्या माशांना रकाना नसतो. वर ईसापूरचे धरण झाल्यावर कोणते मासे प्रवाहाविरुद्ध चढायचे थांबले, चिलापीने किती डोह व्यापले, बंदी असलेला आफ्रिकी मागूर कोठून आला, हे विचारणे उत्पादनाच्या हिशेबात बसत नाही.

वन विभागाचे माप वाघाचे आहे आणि त्यातली प्रगती खरोखर थक्क करणारी आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर बसवली गेली. तो पैनगंगा अभयारण्यातून, तेलंगणातल्या आदिलाबाद भागातून, नांदेड, हिंगोली, वाशीम असे जिल्हे ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सुमारे ३००० किलोमीटरच्या या भटकंतीची उपग्रहाने नोंद ठेवली. तो कोणत्या शेतातून गेला, कोणता नाला ओलांडला, हे शास्त्रज्ञांना कळत होते. देशात दर चार वर्षांनी व्याघ्रगणना होते. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. पण वाघ ज्या नदीकाठाने चालला, त्या नदीतल्या माशांची अशी ठरावीक वर्षांनी होणारी गणना नाही. आणि वन्यजीव संरक्षण कायद्याची प्राण्यांची व्याख्या काढून पाहिली, तर तिथे सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे प्राणी यांच्या रांगेत मासाही आहे.

अमेरिकेने १९४० मध्ये मत्स्य विभाग आणि जैविक सर्वेक्षण विभाग एकत्र करून मत्स्य व वन्यजीव सेवा उभी केली. रेचल कार्सन या तिथल्या कर्मचारी. १९३६ मध्ये त्या मत्स्य विभागात जीवशास्त्रज्ञ म्हणून लागल्या होत्या. डीडीटीचे मासे आणि पक्षी यांच्यावरचे परिणाम त्यांच्याच खात्यातले सहकारी तपासत होते. १९६२ मध्ये आलेल्या त्यांच्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकाने कीटकनाशकांकडे पाहण्याची जगाची दृष्टी बदलली. त्यामागे प्रतिभा होतीच. पण शेतातली फवारणी, ओढ्यातला मासा आणि झाडावरचा पक्षी यांच्या नोंदी एकाच छपराखाली होत होत्या, हेही तितकेच खरे.

किनवटला त्यासाठी नवे खाते नको आहे. ठरावीक दहा-बारा डोह निवडावेत. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर, त्याच आसाच्या जाळ्याने, त्याच वेळी मासे धरून मोजावेत, त्यांची लांबी आणि वजन लिहावे, पहाटेचा प्राणवायू टिपावा आणि मासे परत सोडावेत. खवल्यांवरच्या वलयांवरून माशाचे वय काढता येते. त्यावरून कोणत्या वर्षी पिल्ले जगली नाहीत हेही कळते. लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथून शिकलेली मुले कामाच्या शोधात आहेत. कोणता मासा कोणत्या डोहात विणीला येतो, हे सांगणारे भोई, गोंड आणि कोलाम जाणकार गावोगाव आहेत. त्यांना नुसते वाटाडे म्हणून न नेता मानधन देऊन नोंदीत सामील करावे.

चार माशांसाठी एक पद कशाला, असे विचारले जाईल. त्याचे उत्तर असे, की हे पद माशांसाठी कमी आणि काठावरच्या माणसांसाठी जास्त आहे. मात्र ते कायमचे असावे. व्याघ्र प्रकल्पांत कंत्राटी जीवशास्त्रज्ञ नेमण्याची पद्धत आहे. पण नेमणूक मध्येच संपली की नोंदींची साखळीही तुटते, आणि एका वर्षाच्या आकड्याला दुसऱ्या वर्षाच्या आकड्याशिवाय अर्थ नसतो. वन आणि मत्स्यव्यवसाय या दोन्ही विभागांनी मिळून हे पद भरावे, त्याला अभयारण्याच्या आत आणि बाहेर सारखाच अधिकार द्यावा, आणि प्रत्येक तपासणीचा निष्कर्ष मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचे बंधन घालावे.

पुढचा उन्हाळा येईल तेव्हा पैनगंगेचे डोह पुन्हा असेच उरतील. त्यातल्या एखाद्यात मासे मेले, तर काठावर उभ्या असलेल्या बाईने कालवण करायचे की नाही, हे तिला त्याच दिवशी कळले पाहिजे. त्यासाठी कोणाला फोन करायचा, ते नाव शासनाने आताच ठरवावे.